बक्कल उलटं करून पाहा

माझा भाचा श्टुटगार्टला नोकरीला आहे. तिथे कार्ल्सप्लाट्स नावाच्या चौकात दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारासारखाच, फक्त थंडी जास्त आणि आरडाओरडा कमी. परवा तिथून त्याने एक फोटो पाठवला. राखाडी रंगाचं, चौकोनी, धातूचं बक्कल. मधे गरुड, त्याच्या डोक्यावर कमानीत अक्षरं, आणि गरुडाच्या पंजांवर विकणाऱ्याने चिकटवलेला छोटासा पांढरा स्टिकर. खाली प्रश्न : "मामा, दुसऱ्या महायुद्धातलं आहे म्हणतोय. घेऊ का?"

मी एवढंच लिहिलं, "उलटं कर आणि मागचा फोटो पाठव."

वरवर पाहता हा एका हौशी पोराचा प्रश्न. पण नाझी काळातल्या वस्तूंची खरेदी-विक्री हा युरोपात अधूनमधून बातम्यांत येणारा, चिघळलेला विषय आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या नॉइस शहरात होऊ घातलेला एक लिलाव लोकांच्या संतापामुळे रद्द करावा लागला, कारण त्यात छळछावण्यांतल्या कैद्यांची पत्रंसुद्धा विकायला काढली होती. अशी बातमी वाचली की आपल्याकडच्या वाचकाला तीन प्रश्न पडतात. हे लोक असलं का जमवतात? ते खरं असतं कशावरून? आणि याला कायद्याने परवानगी आहे तरी कशी? तिन्हींची उत्तरं एका बकलाच्या मदतीने देता येतात. बक्कल छोटं आहे, पण त्यात सगळं आहे.

आधी बक्कल म्हणजे काय ते पाहू

बक्कल हा शब्द आपल्याला परका नाही. पोलीस शिपायाचा 'बक्कल नंबर' आपण ऐकतोच. त्याचा क्रमांक पूर्वी कमरपट्ट्याच्या बकलावर असायचा, म्हणून तो बक्कल नंबर. म्हणजे बक्कल पट्टा आवळतं आणि माणूस कोणाचा आहे तेही सांगतं. जर्मन सैन्यात नेमकं हेच काम होतं.

जर्मनमध्ये याला कॉपेलश्लॉस म्हणतात. कॉपेल म्हणजे सैनिकाचा कमरपट्टा आणि श्लॉस म्हणजे कुलूप. पट्ट्याचं कुलूप! शब्द अगदी चपखल आहे, कारण आपल्या नेहमीच्या बेल्टसारखी त्याला मधे दांडी आणि पुढे भोकं नसतात. पुढून दिसते ती एक सलग पेटीसारखी पट्टी, साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि पाच उंच. सगळी यंत्रणा मागे. एका बाजूच्या दांडीवर दोन काटे असतात, ते पट्ट्याच्या आतल्या चामडी जिभेच्या भोकांत जातात. दुसऱ्या बाजूला एक खाच, तिच्यात पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा आकडा अडकतो. अधिकाऱ्यांची बकलं वेगळी असत, गोल किंवा नुसत्या चौकटीची. आपण बोलतोय ते साध्या शिपायाच्या बकलाबद्दल.

थोडक्यात, पुढची बाजू मिरवण्याची आणि मागची कामाची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"देव आमच्यासोबत" : पण कोणाच्या?

भाच्याच्या फोटोतली अक्षरं होती 'गॉट मिट उन्स'. अर्थ : देव आमच्यासोबत आहे. हे वाचून बहुतेकांना वाटतं की ही हिटलरची घोषणा. ती नाही. प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्याच्या बकलांवर हे शब्द १८४७ पासून आहेत, हिटलरच्या जन्माच्या बेचाळीस वर्षं आधीपासून.

तेव्हा जर्मनी एकसंध नव्हता, आणि एकसंध झाल्यावरही प्रत्येक राज्याने आपलं ब्रीदवाक्य सोडलं नाही. पहिल्या महायुद्धात बव्हेरियाच्या सैनिकाच्या बकलावर 'निष्ठेत अढळ' असं लिहिलेलं असे. सॅक्सनीचं ब्रीद लॅटिनमध्ये. भाचा राहतो ते श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी होतं, त्या व्युर्टेम्बर्गचं ब्रीद 'निर्भय आणि निष्ठावान'. एकाच खंदकातली चार माणसं, चार कमरा, चार घोषणा. समोरच्या खंदकातल्या इंग्रज शिपायांना 'गॉट मिट उन्स' म्हणजे 'आमच्याकडे मिटन आहेत', म्हणजे हातमोजे आहेत, असं वाटायचं आणि ते "आमच्याकडेही आहेत!" असं ओरडायचे, अशी एक गोष्ट सांगतात. खरीखोटी त्यांची त्यांना ठाऊक, पण त्या काळची बकलं इंग्रज आणि अमेरिकन सैनिकांनी आठवण म्हणून ढिगाने घरी नेली हे मात्र खरं. काहीजण तर जमवलेली बटणं आणि बिल्ले एकाच पट्ट्यावर लावून मिरवायचे. जमवण्याचा हा नाद तेव्हापासूनचा.

सम्राट गेला, प्रजासत्ताक आलं. बकलावरचा मुकुट गेला, गरुड आला, घोषणा तीच. मग हिटलर आला. १९३६ साली लष्कराच्या बकलावरचा गरुड बदलला, त्याच्या पंजात नाझींचं चिन्ह आलं, भोवती ओकच्या पानांची माळ आली. घोषणा? तीच.

इथे एक शंका येते. नाझींचं तर चर्चशी फारसं जमत नव्हतं, मग देव कसा राहिला? उत्तर असं की लष्कर ही जुनी, आपल्या परंपरांना चिकटून असलेली संस्था होती, आणि हिटलरला तिची गरज होती. ज्या संस्था नव्या होत्या तिथे देव दिसत नाही. १९३५ साली उघडपणे उभ्या राहिलेल्या वायुदलाच्या बकलावर नुसता उडता गरुड आहे, अक्षर एक नाही. आणि एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या ज्या सशस्त्र संघटनेच्या हातात छळछावण्या होत्या तिच्या, बकलावर देवाच्या जागी नेता येऊन बसला. त्यावर लिहिलंय 'निष्ठा हाच माझा मान'. १९३१ साली बर्लिनमध्ये पक्षातच बंडाळी झाली, तेव्हा एसएस हिटलरच्या बाजूने उभी राहिली. त्या वेळी हिटलरने वापरलेल्या शब्दांवरून हे ब्रीद आलं. निष्ठा कोणावर हे लिहायची गरजच नव्हती. हिटलरच्या युवक संघटनेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या बकलावर तर 'रक्त आणि मान' असे शब्द होते. आपल्या शाळेच्या पट्ट्याचं एस आकाराचं बक्कल आठवा आणि त्यावर हे शब्द कोरलेले आहेत अशी कल्पना करा.

म्हणून 'एसएसचं खास गॉट मिट उन्सवालं बक्कल' असं कोणी विकत असेल तर उलटं करायचीही गरज नाही. पुढूनच कळलं.

धातू बोलतो

आता थोडं साहित्याबद्दल. माझ्या मते बकलाचा सगळ्यात रंजक भाग हाच, घोषणेपेक्षाही.

१९३६ चं नवं बक्कल अॅल्युमिनियमचं होतं. हलकं, चकचकीत, पृष्ठभाग बारीक दाणेदार. पण युद्ध सुरू झालं आणि अॅल्युमिनियम विमानांना लागायला लागलं. तेव्हा बक्कल पोलादी पत्र्याचं झालं, वर करड्या-हिरवट रंगाचा हात. युद्ध लांबलं तसं काम उरकतं झालं. मागे शिवलेली चामड्याची छोटी पट्टी, जिच्यावर कारखान्याचं नाव आणि साल ठोकलेलं असे, तीही हळूहळू दिसेनाशी झाली. पहिल्या महायुद्धातही हेच झालं होतं. आधी सुरेख पितळी बक्कल आणि मध्यभागी वेगळी बसवलेली चांदीसारखी चकती, आणि १९१५ पासून राखाडी रंग दिलेलं साधं पोलादी बक्कल.

आपल्या आजीच्या डब्यात भोकाचा पैसा असायचा, तो आठवतो? १९४३ साली तो निघाला. मधलं भोक शोभेसाठी नव्हतं, तांबं वाचवण्यासाठी होतं. रुपयातली चांदीही त्याच युद्धात निम्म्यावर आली. त्याच टंचाईची जर्मन बाजू म्हणजे हे पोलादी बक्कल. संग्राहक जेव्हा '३७ सालचं अॅल्युमिनियम' आणि '४१ सालचं पोलाद' असा फरक करतात, तेव्हा ते हाच इतिहास वाचत असतात.

बनवणारे कोण? वेस्टफालिया भागात ल्युडेनशाइड नावाचं गाव आहे. बटणं, बिल्ले, बकलं हा तिथला पिढीजात धंदा. पुण्याची तांबट आळी डोळ्यांपुढे आणा, पण कारखान्यांची. आसमन, ओव्हरहोफ, बेर्ग आणि नोल्टं ही तिथली नावं बकलांच्या पाठीवर वारंवार भेटतात. लष्कराच्या बकलावर कारखान्याचं नाव येई, तर पक्षाच्या संघटनांच्या बकलांवर आरझेडएम हा शिक्का. आरझेडएम हे पक्षाच्या गणवेशी मालाचा दर्जा आणि परवाने पाहणारं कार्यालय. सोन्यावरच्या हॉलमार्कसारखाच प्रकार : पुढे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, मग कारखान्याचा, मग साल. एखाद्या बकलावरचा क्रमांक एका कारखान्याचा आणि घडण दुसऱ्याची असेल तर जाणकाराची भुवई लगेच वर जाते.

खरं की खोटं : टाक आणि गणपती

मी मागचा फोटो मागितला तो यासाठी.

धातूवर आकार उठवायच्या दोन मुख्य रीती आहेत. एक ठशाची. पातळ पत्रा दोन पोलादी ठशांमध्ये घालून प्रचंड दाबाने दाबायचा. दुसरी ओतीव. साचा करायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतायचा. आपल्या देव्हाऱ्यात दोन्ही असतात. खंडोबाचा टाक चांदीच्या पत्र्यावर ठसा उमटवून केलेला असतो. मागचा पत्रा बसवण्याआधी तो उलटा धरला तर खंडोबा तिथेही दिसतो, पण आत गेलेला, खोलगट. शेजारचा पितळी गणपती ओतीव. तो उलटा केला तर बुडाशी सपाट.

खरी बकलं टाकाच्या जातीची आहेत. पुढे गरुड उठलेला, तर मागे त्याच गरुडाची खोलगट सावली, पंखांच्या पिसांसकट. स्वस्तात केलेली नक्कल बहुधा गणपतीच्या जातीची. कोणीतरी खऱ्या बकलावरून साचा घेतो आणि ओततो. मग तीन गोष्टी घडतात. पाठ सपाट किंवा मेणचट गुळगुळीत येते, कधी त्यात हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे राहतात. अक्षरांच्या कडा बोथट होतात, जशी साबणाच्या वडीवरची अक्षरं दोन आंघोळींनंतर होतात. आणि धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल मूळ बकलापेक्षा किंचित लहान भरते. शिवाय बहुधा जडही लागते.

खिशातलं चुंबकही कामाला येतं. पोलादाला चिकटेल, अॅल्युमिनियमला नाही. विकणारा 'युद्धाच्या शेवटचं पोलादी' म्हणतोय आणि चुंबक घसरून पडतंय, तर विषय संपला.

पण बनवणारे मूर्ख नाहीत. चांगली नक्कल ठशानेच केली जाते. काही नकला फसवण्यासाठी नसतातही. चित्रपटांसाठी, किंवा जुन्या लढायांचे देखावे उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी त्या उघडपणे विकल्या जातात, आणि दोन हात पुढे गेल्यावर कोणीतरी त्यांना आम्ल, मीठ आणि ओल्या मातीत पुरून 'युद्धातलं' करतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे अर्धसत्य. बक्कल खरं, पण लष्कराचं साधं, त्याच्यावर कुठूनतरी आणलेलं दुसरं चिन्ह बसवून महाग केलेलं. आणि मग निव्वळ कल्पनाविलास. जे युद्धात कधी नव्हतंच ते 'अतिदुर्मीळ' म्हणून विकायचं. दुर्मीळ तर असणारच!

मागची चामडी पट्टी शिवलेली असते, तिथे एक गमतीची कसोटी आहे. अतिनील दिव्याखाली धरली तर आधुनिक दोरा निळसर चमकू शकतो. कारण आजच्या दोऱ्यांत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घालतात ती रसायनं असतात. आपल्याकडे धुण्यात टिनोपाल घालायचे ना, त्याच कुळातली. अशी रसायनं दोऱ्यांत नि कागदात सर्रास आली ती युद्धानंतर. अर्थात, खरी जुनी वस्तू कोणी अलीकडे साबणाच्या पावडरीत धुतली असेल तर तीही चमकेल. कसोटी एकटी कधीच पुरत नाही, चार मिळून सांगतात.

आणि हीच रसायनं गेल्या शतकातल्या एका प्रचंड बनवाबनवीला नडली. १९८३ साली 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या खासगी डायऱ्या सापडल्याचं जाहीर केलं. त्यांसाठी नव्वद लाख मार्कांहून जास्त रक्कम मोजली होती. जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराने तपासणी केली, तर कागदात युद्धानंतरची ती पांढरं करणारी रसायनं निघाली. दोन आठवड्यांत सगळं कोसळलं. डायऱ्या लिहिणारा कोनराड कुयाउ. आणि त्याचा मूळ धंदा काय? नाझी काळातल्या वस्तू विकणं. कुठे? श्टुटगार्टमध्ये. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने एक डोळे विस्फारलेली इमोजी पाठवली, मागचा फोटो नाही.

एवढी बनली होती, मग खोटी कशाला?

हा आक्षेप अगदी योग्य आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सशस्त्र दलांमधून पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं गेली. जवळजवळ प्रत्येकाच्या कमरेला पट्टा होता. साधं लष्करी बक्कल दुर्मीळ नाहीच. भोकाच्या पैशासारखं आहे, जुनं असलं तरी घरोघरी सापडणारं.

मेख किमतीच्या उतरंडीत आहे. साधं पोलादी लष्करी बक्कल हा या बाजारातला तळ. वायुदलाचं सुरुवातीच्या घडणीचं, आरमाराचं, एखाद्या छोट्या संघटनेचं, असं करत वर गेलं की शेंड्यावर एसएस. दोन्हींना पत्रा तेवढाच लागतो, मजुरी तेवढीच, पण दामात कित्येक पटींचा फरक. मग खोटं करणारा कशाचं करेल? त्यामुळे या बाजाराचा एक विचित्र नियम तयार झालाय : वस्तू जितकी भयंकर तितकी महाग, आणि जितकी महाग तितकी खोटी असायची शक्यता जास्त.

"पण सोबत कागद आहेत, गोष्ट आहे!" असं म्हणणारे भेटतात. आजोबांनी बर्लिनमध्ये स्वतः काढून घेतलं वगैरे. अनुभवी संग्राहक म्हणतात, वस्तू विकत घ्या, गोष्ट नको. अमेरिकेत तर एकदा बनावट बकलांचं एक अख्खं कुळच बाजारात आलं, नाझींचं नव्हे, एका नामांकित जवाहिऱ्याच्या नावावर खपवलेलं. ती खरी वाटावीत म्हणून त्यांच्याबद्दल एक जुना भासणारा संदर्भग्रंथही छापला गेला होता. बक्कल खोटं, आणि ते खरं आहे असं सांगणारं पुस्तकही खोटं! याला म्हणायचं चोख काम.

मग तो पांढरा स्टिकर कशाला?

जर्मन दंडविधानाचं कलम ८६अ. घटनाविरोधी ठरलेल्या संघटनांची चिन्हं सार्वजनिक ठिकाणी वापरली किंवा पसरवली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. चिन्हात घोषणाही आल्या. एसएसचं ब्रीद लिहिणं-मिरवणं गुन्हा ठरतं, 'गॉट मिट उन्स' मात्र नाही. कारण ते नाझींचं नव्हतंच.

पण संशोधन, शिक्षण, कला, इतिहासाची मांडणी यांना सूट आहे. आणि घरात, कपाटात अशी वस्तू नुसती बाळगणं हा गुन्हा नाही. म्हणून बाजारात विक्रेता चिन्हावर स्टिकर लावतो. वस्तू दिसते, चिन्ह दिसत नाही. पळवाट वाटते ना? मलाही वाटते. पण कायद्याला नष्ट करायची आहे ती जाहिरात, पुरावा नव्हे. सगळी बकलं वितळवली तर उद्या कोणी "असं काही नव्हतंच" म्हणाला तर दाखवायला काही उरणार नाही.

देशोदेशी रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. फ्रान्समधल्या न्यायालयाने २००० साली याहू या कंपनीला बजावलं की नाझी वस्तूंचे ऑनलाइन लिलाव फ्रेंच लोकांना दिसता कामा नयेत. इंटरनेटला देशाच्या सीमा लागू होतात का, या वादातला तो सुरुवातीचा मोठा खटला. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या जानेवारीपासून देशभर नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन आणि त्यांचा व्यापारही गुन्हा केला. तिथे आपल्या लोकांच्या मनात जी धाकधूक होती ती साहजिक होती : दारावरच्या स्वस्तिकाचं काय? व्हिक्टोरिया राज्याने २०२२ सालीच कायद्यात स्पष्ट केलं होतं की हिंदू, जैन आणि बौद्धांचं स्वस्तिक यात येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करू. "नाझींनी आपलं स्वस्तिक उलटं केलं" असं आपण पिढ्यानपिढ्या एकमेकांना सांगत आलोय. ते खरं नाही. त्यांच्या झेंड्यावरच्या चिन्हाचे हात त्याच दिशेने वळतात ज्या दिशेने आपल्या उंबऱ्यावरच्या रांगोळीतले. त्यांनी ते बहुतेक ठिकाणी तिरकं केलं, पंचेचाळीस अंशांत, एवढंच. जर्मनमध्ये त्याला स्वस्तिक म्हणतही नाहीत, हाकेनक्रॉइत्स म्हणतात, म्हणजे हुकांचा क्रॉस. एकोणिसाव्या शतकात ट्रॉयच्या उत्खननात असे आकार सापडले, युरोपात त्यांचं वेड पसरलं, आणि तिथून ते वंशाभिमान्यांच्या हाती गेलं. फरक दिशेत नाही. कोणाच्या कमरेला होतं आणि त्या कमरेच्या माणसाने काय केलं, त्यात आहे.

जमवणारे सगळे हिटलरभक्त असतात का?

नाही. पण कोणीच नसतो असंही नाही, आणि ही गोष्ट संग्राहकांनी झाकू नये.

बरेचजण नाणी किंवा पोस्टाची तिकिटं जमवावीत तसे जमवतात. कारखाने, सालं, ठशांतले बारीक फरक यांत रमतात. काहींच्या घरात वडील किंवा आजोबा त्या युद्धात लढलेले असतात, या बाजूने किंवा त्या. पण काहींना चिन्हाचीच भूल असते. याच भीतीने २०१९ साली एक घटना घडली. म्युनिकमधल्या लिलावात हिटलरची टोपी आणि इतर वस्तू निघाल्या, तेव्हा अब्दल्ला शतिला या लेबनॉनी वंशाच्या स्विस व्यावसायिकाने त्या विकत घेतल्या. नवनाझींच्या हाती पडू नयेत म्हणून. आणि एका ज्यू संस्थेच्या स्वाधीन केल्या.

"साधा शिपाई होता हो, त्याचा काय दोष?" हाही नेहमीचा युक्तिवाद. युद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने १९४६ साली एसएसला गुन्हेगार संघटना ठरवलं, लष्कराला नाही. त्यामुळे युद्धानंतर कित्येक वर्षं लष्कर स्वच्छ होतं असा समज जर्मनीत सुखाने नांदला. १९९५ साली हांबुर्गच्या एका संशोधन संस्थेने लष्कराच्या पूर्वेकडच्या गुन्ह्यांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा देशभर वादळ उठलं. कित्येक घरांत जेवणाच्या टेबलावर भांडणं झाली. म्हणजे 'गॉट मिट उन्स'चं बक्कल एसएसचं नाही हे खरं, पण तेवढ्याने ते निष्पाप होत नाही.

आपल्याकडे हिटलर हे कडक मास्तरांचं टोपणनाव असतं. खारघरला २००६ साली त्याच्या नावाचं रेस्टॉरंटही निघालं होतं. मुंबईतल्या ज्यू समाजाने आक्षेप घेतला आणि मालकाला नाव बदलावं लागलं. ज्यू म्हटलं की आपल्याला कोणीतरी दूरचे लोक वाटतात. पण कोकणातले बेने इस्रायलीही ज्यूच, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणायचे, आणि ते घरात मराठी बोलतात.

जमिनीतून निघालेलं बक्कल

बाजारात 'रणभूमीवरून आलेलं' म्हणून गंजकी बकलं मिळतात. रशिया, युक्रेन, लाटव्हिया इथल्या जंगलांत लोक धातूशोधक घेऊन रात्री खणतात. पट्टा कमरेला असतो हे लक्षात घेतलं म्हणजे पुढचं सांगायला नको. जिथे बक्कल निघतं तिथे बऱ्याचदा माणूसही असतो.

जर्मन सैनिकाच्या गळ्यात एक लंबगोल धातूची पट्टी असे, मधे खाचा पाडलेली. तो मेला की अर्धी तोडून नोंदीसाठी न्यायची, अर्धी त्याच्यासोबत ठेवायची. चोरून खणणारा ती पट्टीही विकतो, हाडं तिथेच टाकतो. पट्टी गेली की तो माणूस कायमचा बेनाम. त्याच्या मुलीला, नातवाला कधीच कळत नाही. कायद्याच्या बाजूने कोणी काही म्हणो, खोदून काढलेली बकलं घेऊ नयेत असं माझं मत आहे, आणि भाच्यालाही मी तेच सांगितलं.

आपल्या ट्रंकेत निघालं तर

ही शक्यता वाटते तितकी दूरची नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इटलीत जर्मनांशी समोरासमोर लढले. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथेच धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना १९४५ च्या एप्रिलमधल्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. त्या पलटणींमधले हजारो लोक सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीला परत आले. कोणाच्या तरी ट्रंकेत काहीतरी आलंच असेल.

दुसऱ्या बाजूलाही आपली माणसं होती. उत्तर आफ्रिकेत पकडले गेलेले हिंदी सैनिक सुभाषबाबूंच्या हाकेवर जर्मनीत 'फ्रायस इंडियन', म्हणजे मुक्त हिंद, या पलटणीत गेले. सुमारे अडीच-तीन हजार. दंडावर झेप घेणारा वाघ आणि तिरंगी पट्टे, बाकी गणवेश जर्मन लष्कराचा. त्या वाघाच्या बिल्ल्याच्या नकलाही आता सुखेनैव विकल्या जातात.

तर घरात असं काही निघालं तर पितांबरी लावून घासू नका. जुना रंग आणि गंज हाच पुरावा असतो, चकचकीत केलं की तो गेला. चामडं ओलं करू नका. आणि आजोबा कुठल्या पलटणीत होते, केव्हा, कुठे, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून तारखेनिशी कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवा. घरातली गोष्ट ही विकणाऱ्याच्या गोष्टीसारखी नसते, तिला पलटणीच्या कागदांचा आधार शोधता येतो.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. विकणाऱ्याने बक्कल पुठ्ठ्यावर डिंकाने पक्कं चिकटवलं होतं आणि ते काढून मागची बाजू दाखवायला तो तयार नव्हता. "मग?" मी विचारलं. शेजारच्या टेबलावर एक जुनं लोखंडी कुलूप होतं, ते तीन युरोला घेतलं म्हणाला. श्लॉस ते श्लॉस. किल्ली नाहीये त्याला.